गाडी गार झाल्यापासून

साखरा, ता. सेनगाव
१४ ऑक्टोबर २०२४

सुदाम,

खुशाली विचारायच्या आधी तक्रार लिहितो, कारण आज माझं डोकं गाडीपेक्षा जास्त तापलं आहे. फोन केला असता, पण तू गॅरेजात असलास की तुझा फोन कपाटात असतो, आणि संध्याकाळी आमच्याकडे रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. शिवाय फोनवर मी चिडलो की तुला हसू येतं. हे वाचताना खुशाल हस, मला दिसणार नाही.

जीप आज पुन्हा उकळली. पंधरा वर्षं मी साखरा ते सेनगाव माणसं नेतो आणि पंधरा वर्षं तुमच्या तांड्याचा चढ लागला की काटा लाल पट्टीत जातो. मग हापशापाशी गाडी उभी करायची, बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या झाकणावर ओलं पोतं टाकायचं आणि वाफ जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बसायचं. तुझी आई, तू जिला याडी म्हणतोस ती आमची रुक्मामावशी, गाडीचा आवाज ऐकूनच घागर घेऊन येते. झाकण कधी उघडायचं हे तिला माझ्याहून जास्त कळतं. "आजून वाफ हाय, दम धर," असं तीच सांगते. मलाही रोज म्हणते, "भागवत, तू पन पानी पी रं." मी म्हणतो, माझ्याकडे बाटली आहे. तेवढ्या वेळात तुझी लेक पुजा दप्तर घेऊन मागे बसते, तांड्यावरची आणखी दोन-चार माणसं चढतात आणि आम्ही निघतो.

पुढच्या सीटवर आमच्या गावचे किसनराव काका असतात. सेनगावात त्यांचं खताचं दुकान आहे, त्यामुळे ते रोजचे. आज सगळ्यांच्या देखत म्हणाले, "भागवत, ही गाडी हाय का चूल? रोज पानी उकळून राहिलास." सगळी गाडी हसली. आता म्हणतात, दिवाळीपर्यंत नीट कर, नाहीतर आम्ही साखऱ्याची माणसं दुसरी गाडी बघतो. त्यांच्या शब्दावर दहा माणसं उठतात हे तुला माहीत आहे.

सेनगावच्या जळबा मिस्त्रीनं तीनदा रेडिएटर धुतला आणि इंजिनातून कसलीशी चकती काढून फेकली. म्हणाला, हीच पाणी अडवते. फरक काडीचा पडला नाही. तू तिकडे पुण्यात मोठमोठ्या गाड्या गार करतोस, मग बालमित्राच्या जीपनंच काय पाप केलं आहे?

तुझा
भागवत


पुणे
२४ ऑक्टोबर २०२४

भागवत,

हसलो नाही. "कसलीशी चकती" वाचलं आणि हातातला पाना खाली ठेवला. जळबा मिस्त्रीला माझ्याकडून सांग की ती चकती म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनाच्या पाण्याचं दार. इंजिन गार असताना ते बंद असतं, ब्याऐंशी अंशांना उघडतं आणि पाण्याला रेडिएटरकडे सोडतं. आपल्याकडचा प्रत्येक मिस्त्री म्हणतो, आपला मुलूख गरम, इथे दार कशाला? काढलं आणि टाकलं उकिरड्यावर. तुझ्या इंजिनात ते दार काढलं की अर्धं पाणी रेडिएटरकडे जातच नाही, आडवाटेनं परत इंजिनातच फिरत बसतं. पंधरा वर्षं तुझ्या गाडीला ताप होता आणि हे लोक तिचं औषध काढून घेत होते. मला याचा राग येतो, कारण ही चूक कुणी एकदा करत नाही, पिढ्यान्‌पिढ्या करतात आणि शहाणपण म्हणून शिकवतात.

दुसरी गोष्ट पंख्याची. तुझा पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात. भरलेली गाडी चढावर रांगते तेव्हा वारा सगळ्यात जास्त हवा, आणि नेमका तेव्हाच तो सुस्त पडतो. खोक्यात नवा थर्मोस्टॅट, विजेचा पंखा, त्याची वायर, फ्यूज आणि एक छोटा स्विच आहे. तो स्विच रेडिएटरच्या पाण्याला लागून बसवायचा. पाणी ब्याण्णव अंशांवर गेलं की पंखा आपोआप सुरू होतो, सत्याऐंशीला आपोआप बंद. जुना पंखा काढ, पण पट्टा राहू दे, पाण्याचा पंप त्याच्यावरच चालतो. खोकं एसटीच्या पार्सलनं सेनगावला येईल.

हे माझ्याकडून. पुजा तुझ्या गाडीनं कॉलेजला जाते म्हणून मी इथे निर्धास्त असतो. बारावी सायन्स करून तिला नर्सिंगला जायचं आहे. आमच्या तांड्यावरून सायन्सला गेलेली ती पहिली पोरगी. इथे एका खोलीत आमचे चौघांचे पाय एकमेकांत अडकत होते, म्हणून तिनंच ठरवलं की आजीपाशी राहून शिकते. तिला सातच्या गाडीत जागा मिळते, याहून जास्त मला काही नको.

सुदाम


साखरा
१८ नोव्हेंबर २०२४

सुदाम,

आधी शिव्या देतो, मग आशीर्वाद. तुझ्या पंख्याच्या दोन्ही वायरी काळ्या. आता कोणती कुठली, हे मला काय स्वप्नात दिसणार? मी उलट्या जोडल्या. पंखा फिरला, गाडीतली माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि अर्ध्या तासात गाडी नेहमीपेक्षा लवकर उकळली. हवा आत ओढायची सोडून बाहेर ढकलत होता. आमच्या गावचा ग्यानोबा पुढे उभा होता, त्याची टोपी उडाली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वायरी बदलल्या, जाळीपुढे पेपराचं पान धरलं, ते चटकन जाळीला चिकटलं. तेव्हा समजलं, आता बरोबर.

आणि काय सांगू, काटा जागचा हलत नाही. तांड्याचा चढ भरल्या गाडीनं चढलो, मध्येच पंख्याचा घूं आवाज आला, थोड्या वेळानं थांबला, बस. ज्या चढानं पंधरा वर्षं माझी अब्रू काढली तो आता कळतसुद्धा नाही. कुठे थांबावं लागत नाही, सेनगावला वीस मिनिटं आधी पोहोचतो. किसनकाकांनी स्वतः नारळ फोडला. सगळ्या सीटा महिन्यावर बांधून घेतल्या आहेत. जळबा मिस्त्री रोज येऊन बॉनेटमध्ये डोकावून जातो.

तुझे उपकार आहेत.

भागवत


पुणे
३० नोव्हेंबर २०२४

भागवत,

तुझं पत्र गॅरेजात मोठ्यानं वाचलं. टोपी उडाली तिथे सगळे हसले. वायरींवर खूण करायची राहिली ही माझी चूक, मान्य.

याडीला फोनवर विचारलं, भागवतची गाडी कशी चालते? म्हणाली, "लई झ्याक चालते, आवाजच येत न्हाई." पुजा फोनवर फार बोलत नाही, अभ्यास आहे म्हणते. गाडी वीस मिनिटं लवकर पोहोचते म्हणजे तिला प्रयोगशाळेच्या तासाला पहिल्या बाकावर जागा मिळत असेल. कशी आहे ती, तू रोज बघतोस, तूच लिही.

सुदाम


साखरा
२२ डिसेंबर २०२४

सुदाम,

तुरीच्या शेंगा पाठवत आहे, उकडून खा. काटा जागेवर आहे. थंडीत गाडी पहिल्यापेक्षा लवकर तयार होते, डिझेलही कमी पिते. तुझ्या थर्मोस्टॅटची कमाल.

पुजा अभ्यासात आहे असं ऐकतो. घाईत लिहितो, माफ कर.

भागवत


पुणे
११ जानेवारी २०२५

भागवत,

आज मी तुला फोन केला नाही, कारण फोनवर मी जे बोललो असतो ते नंतर परत घेता आलं नसतं. इथे लिहितो आहे तेही परत घेणार नाही.

परवा माझ्या फोनवर पुजाच्या कॉलेजचा मेसेज आला. हजेरी कमी आहे, अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. मला वाटलं चुकून आला. पुजाला विचारलं तर तिनं आधी फोनच ठेवला. शेवटी बोलली तेही रडत, आणि पहिलं वाक्य काय, तर "पप्पा, भागवतकाकाला काही बोलू नका."

नोव्हेंबरपासून तुझी गाडी तांड्यावर थांबत नाही. माझी पोरगी तीन किलोमीटर चालत फाट्यावर जाते, तिथून साडेनवाच्या एसटीनं कॉलेजला पोहोचते. प्रयोगांचे तास आठला असतात. ते सगळे गेले. आणि मी इथे गाढवासारखा विचार करतोय की तिला पहिल्या बाकावर जागा मिळत असेल. "अभ्यासात आहे असं ऐकतो," असं लिहिलंस. ऐकतोस? रोज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ती तुझ्या डोळ्यांसमोर रस्त्यावर उभी होती, आणि तू मला तुरीच्या शेंगा पाठवल्यास?

याडीचं तर विचारूच नको. मला म्हणते, गाडीचा आवाजच येत नाही. खरंच बोलली ती, मलाच कळलं नाही. पुजा सांगते, ती अजून रोज सकाळी घागर भरून हापशापाशी ठेवते. म्हणते, एखाद्या दिवशी गरम होईल.

पंधरा वर्षं तू तांड्याचं पाणी इंजिनात ओतलंस. माझ्या याडीच्या घागरी मोजल्या तर एक तळं भरेल. पाणी लागत होतं तोवर तांडा रस्त्यावर होता, आणि पाणी नको झालं तसा तुला तांडा दिसेनासा झाला. आणि हे घडवायला सामान कुणी दिलं, तर मी. माझ्या हातानं खोकं बांधलं. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे.

पंखा काढ. थर्मोस्टॅट काढ. दोन्ही त्याच खोक्यात घालून परत पाठव. तुझी गाडी आजारी होती तेव्हा माझ्या घरच्यांच्या जास्त कामाची होती.

सुदाम


साखरा
१९ जानेवारी २०२५

सुदाम,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं वाचलं, म्हणून तो राग आधी सांगतो. तू पुण्यात बसून लिहितोस, मला इथे त्याच माणसांना रोज गाडीत घ्यायचं आहे. गाडी माझी, पण सीटा आता किसनकाकांनी आणि त्यांच्या माणसांनी बांधलेल्या. माझी दोन लेकरं शिकतात ती त्याच गाडीवर. हे तुला माहीत नाही असं नाही.

आता खरं सांगतो. नवा पंखा लावल्यावर दिवाळीची सुट्टी संपली, त्या पहिल्या दिवशी मी सवयीनं हापशापाशी थांबलो. काकांनी विचारलं, "गरम झाली का?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मंग थांबलास काहून?"

सुदाम, शपथ घेऊन सांगतो, पंधरा वर्षांत मला कुणी हे विचारलंच नव्हतं. गाडी तापायची, सगळे उतरायचे, तांड्याची माणसं चढायची, त्यात कुणाला हरकत घ्यायची सोय नव्हती. मागून एक जण म्हणाला, "आता गठुडी, शेरडं काही नको, आमी सीटा बांधल्यात." पुजाचा एक हात गाडीच्या दांडीवर होता. मी गिअर टाकला. तिनं हात काढून घेतला, आणि मला वाटतं ती हसली, म्हणजे काही नाही काका, असं. त्या दिवसापासून मी चढ संपला की उजवीकडे बघतो. हापसा डावीकडे आहे.

तुला लिहायला लाज वाटली म्हणून शेंगा पाठवल्या.

पण तुझ्या पत्रानंतर मी उपाय काढला आहे आणि तो चालला आहे. बुधवारपासून चढ लागायच्या आधी हळूच पंख्याचा फ्यूज उपटतो. जुना पंखा आता नाहीच, त्यामुळे काटा भराभर चढतो. हापशापाशी वाफ निघते. काका कपाळाला हात लावतात, पण वाफेपुढे काय बोलणार? पुजा चढते, तांड्याची माणसं चढतात, मावशी घागर आणते. पहिल्या दिवशी मावशीचं तोंड बघायला पाहिजे होतंस. म्हणाली, "झाली का गरम? बरं झालं माय." मी फ्यूज परत बसवतो आणि निघतो. चार दिवस पुजा वेळेवर पोहोचली.

आता तरी राग सोड.

भागवत


पुणे
२७ जानेवारी २०२५

भागवत,

राग सोडू? आता तर खरा आला आहे.

आधी गाडीचं ऐक, कारण तिचा काही दोष नाही. तुझ्या गाडीला आता दुसरा पंखा नाही. फ्यूज काढून भरली गाडी चढावर नेशील तर महिन्याच्या आत इंजिनाचं हेड तडकेल, आणि ते नेमकं पुजाच्या परीक्षेच्या दिवशी तडकेल. सहा फेब्रुवारीला तिची प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, सकाळी आठला. ती चुकली तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर आमच्या तांड्यावर पोरीच्या पुढच्या शिक्षणाबद्दल कसं बोललं जातं ते तुला ठाऊक आहे. तिची आजी पाठीशी आहे, पण भावकी लगेच स्थळं घेऊन दारात बसेल.

आता माझं ऐक. तुला माणसासाठी गाडी थांबवायला बिघाड लागतो? पोरगी रस्त्यावर उभी आहे एवढं कारण पुरत नाही, वाफ दाखवावी लागते? माझी याडी "बरं झालं गरम झाली" म्हणते, हे तू मला कौतुकानं लिहितोस. मला ते वाचून जेवण गेलं नाही. माझ्या माणसांनी तुझ्या गाडीच्या दुखण्यावर जगायचं, आणि तेही खोट्या दुखण्यावर.

मीच तुला गेल्या वेळी पंखा काढ म्हणालो, ते रागात लिहिलं. चुकलो. गाडी गारच राहू दे. त्या पंख्याच्या स्विचला कुणी सांगायला लागत नाही, ब्याण्णव झाले की तो आपलं काम करतो. तू तर माझ्या शेजारी बसून शिकलेला माणूस आहेस. शाळेत किसनरावांच्या पुतण्यानं मला मागच्या ओळीत बस म्हटलं तेव्हा तू उठून माझ्यासोबत मागे आला होतास. तो पोरगा कुठे गेला, मला कळत नाही.

फ्यूज लाव. गार गाडी थांबव. बॉनेट उघडायचं नाही. जमत नसेल तर पुन्हा पत्र लिहू नकोस, मी रजा टाकून येतो आणि पोरीला पाठीवर घेऊन जातो.

सुदाम


साखरा
९ फेब्रुवारी २०२५

सुदाम,

जमत नसेल तर पत्र लिहू नकोस म्हणालास, तेव्हा हे लिहायचा मला हक्क आहे का ते वाचून ठरव.

तुझं पत्र आलं त्या दिवशी फ्यूज लावला. पण थांबायचं धाडस लगेच झालं नाही, हेही सांगतो. चार दिवस मी घरून दीड तास आधी निघून पुजाला मोटरसायकलवर कॉलेजला सोडून परत आलो, कुणाला न सांगता. मग कोमल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "चोरी करून राहिले काहून? पोरगी काय चोरून न्यायची हाय?" तिलाही तुझ्यासारखंच बोलता येतं.

सहा तारखेला गाडी भरलेली होती. चढ चढलो, पंखा घूं करून थांबला, काटा जागेवर. हापशापाशी ब्रेक मारला आणि गाडी बंद केली. पुजा पांढरा कोट आणि जर्नल छातीशी धरून उभी होती. तिला वाटलं मी पुढे जाईन, ती जागची हललीच नाही.

काका म्हणाले, "गरम झाली का?"

"न्हाई काका."

"मंग?"

"पोरगी उभी हाय. तिची परीक्षा हाय."

"मागं जागा न्हाई."

"पुढं हाय. जरा सरका."

ते सरकले नाहीत. पिशवी घेऊन खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांना वाटलं मी उतरून हात जोडेन. मी स्टिअरिंग सोडलं नाही. पुजाला म्हणालो, "बस बाई पुढं." ती बसली. मग ग्यानोबानं आपलं गाठोडं मांडीवर घेतलं, म्हणाला, "बराबर हाय, लेकराची परीक्षा हाय," आणि तांड्याच्या दोन माणसांना जागा केली. काकांनी रस्त्याकडे बघितलं. मागेपुढे एक गाडी नव्हती. पाच मिनिटं उभे राहून ते मागच्या दारानं चढले आणि टपाच्या दांडीला धरून सेनगावपर्यंत वाकून उभे राहिले. त्या दिवसापासून ते आणि आणखी चौघं दुसऱ्या गाडीनं जातात. बाकीचे माझ्याकडेच आहेत. सध्या ओढाताण आहे, पण मी थांबतो. पुजाची परीक्षा चांगली गेली, तिनं तुला सांगितलंच असेल.

एक गोष्ट तिला माहीत नाही, कारण ती तेव्हा जर्नल चाळत होती.

गाडी थांबली तशी मावशी घागर घेऊन धावत आली. नेहमीप्रमाणे समोर जाऊन उभी राहिली, बॉनेट उघडायची वाट बघत. मी खिडकीतून म्हणालो, "मावशी, गाडीला पानी नको. गाडी गार हाय."

तिला कळेना. घागर कमरेवर तशीच. म्हणाली, "मंग थांबलास कशाला?"

"पुजासाठी. तुमच्यासाठी."

तिनं घागरीवरचा तांब्या काढला. मग खिडकीपाशी आली, पदरानं तांब्या पुसला, भरला आणि पुढे केला. "मंग तू तरी पी," म्हणाली.

माझी बाटली शेजारीच होती, भरलेली. सुदाम, पंधरा वर्षं ती रोज विचारत होती आणि पंधरा वर्षं मी बाटली दाखवत होतो. काका रस्त्याच्या कडेवरून बघत होते, सगळी गाडी बघत होती. मी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून परत दिला. पाणी गार होतं, थोडं मचूळ. आमच्या गावच्या पाण्यासारखंच.

तुझा
भागवत